रविवारी लिहायची पत्रं

अकोला, ता. ९ मार्च २०२५, रविवार

शालू,

तुही चिठ्ठी भेटली. सोमवारी सकाळी नितेशराव खोलीवर आले, उभ्याउभ्याच चिठ्ठी देली, म्हणे, "आई, उत्तर लिहून ठेवा, शनिवारी अमरावतीले जाताना नेतो." मी म्हटलं, जावईबापू, चाय? तं म्हणे नको, अकोटची गाडी जाईन. मंग बसले अन् दोन कप प्याले. तुहा नवरा चांगला आहे वं. अकोटले बँकेत आहे तरी बशीत ओतून पितो. तुह्या सासरचे, शेंदूरजनाघाटचे संत्रे बी देऊन गेले, मोठाले.

साडेचार ओळी आहे चिठ्ठीत. गेल्या साली जानेवारीत मी तुले भेटाले दवाखान्यात आली होती, तवा तू "आई, मी आता ड्यूटीवर आहे" एवढंच बोलली होती. त्याच्या मानानं साडेचार ओळी म्हणजे पोथीच झाली. शेजारच्या खोलीत शकुनबाई राहतात, त्यायले पळत जाऊन दाखवली. म्हटलं, बाई, माह्या पोरीनं मले सल्ला इचारला. त्यायनं चष्मा लावला, वाचली, अन् म्हणे, "सल्ला कुठं? सामानाची यादी मागून राहिली ते." म्हटलं, असू द्या. यादी तं यादी.

तं तू लिहिलं का सासूबाई दिवाळीत गेल्यापासून घरी कोणी नाही, तुही ड्यूटी कधी सकाळची कधी रातची, नितेशराव आठवड्यातून एकदा येते, म्हणून बोधीले जूनमध्ये नाशिककडच्या बोर्डिंगात पाचवीत टाकायचं आहे. नंबर लागला. मी बावीस वर्षं बोर्डिंगात काढली तं चांगलं राहते का, अन् संगं काय द्या लागते, तेवढंच लिहावं.

चांगलं राहते.

बोधीले माहीत नसन तं सांगजो का तुले अजून एक आजी आहे. जयवंता नाव आहे तिचं, वलगावची, चौथी शिकली. ती झांबिया देशात मिशनच्या शाळेत पोरींच्या होस्टेलात कामाले होती. शकुनबाई तिथं शाळेचा दवाखाना पाहत. त्यायनंच मले अकोल्याच्या दवाखान्याच्या सैपाकघरातून उचललं अन् इमानात बसवलं. तिथल्या पोरी मले अंबुया म्हणत. अंबुया म्हणजे आजीच. म्हणजे पाय, मी अडतीस वर्षांची होती तवापासून आजी आहे. सख्खी नात तं त्याच्या चौदा वर्षांनं झाली, अन् तिले मी अजून पाहिलं नाही. शकुनबाईच्या फोनात फोटो पाहिला. नाक तुह्या बाबाचं आहे, बिचारीचं.

आता यादी. पेटी पत्र्याची घेजो, बॅग नको. बॅगची चेन पोरी तिसऱ्याच दिवशी तोडतात. कपड्यावर शाईनं नाव लिहू नको, धुण्यात उडते. दोऱ्यानं शिवजो, कॉलरच्या आतून. खायचं असं देजो का वाटून खाता येईन. शेंगदाण्याची चटणी चालन. तिथं झांबियात बी भुईमूग बम पिकते बरं, अन् कूट करून भाजीत टाकतात, अगदी आपल्यावानी. मी पहिल्या दिवशी तो कूट पाहिला तं मले वाटलं मी वलगावातच आहे. फक्त भाकर नाही, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा राहते, न्शिमा म्हणतात त्याले, हातानंच खातात. मले दोन साल लागले, मंग भाकरीची याद बी नाही आली.

घरचा फोटो संगं देऊ नको. फोटो असला का पहिले पंधरा दिवस जड जाते.

माह्या खोलीत चोवीस पोरी होत्या, सहा ते दहा वर्षांच्या. सगळ्या होस्टेलात शांत खोली माही. शाळेच्या मोठ्या बाई दरसाली सगळ्यायसमोर सांगत, शांत खोली पाहायची तं अंबुयाची पाहा. तं फिकर करू नको. बोधी महिन्याभरात शांत होऊन जाईन.

तुही आई

अकोला, ता. २३ मार्च २०२५, रविवार

शालू,

सात ओळी! नितेशराव म्हणे, "आई, तुमी चिठ्ठी वाचता का मोजता?" म्हटलं, आंधी मोजते, मंग वाचते. सकाळी चर्चमध्ये बी मी दोनदा चिठ्ठी पाकिटातून काढून पाहिली तं शकुनबाईनं मले कोपर मारलं. त्यायचं कोपर लय टोकदार आहे, ऐंशी वर्षांच्या झाल्या तरी.

तू इचारलं, "शांत होते म्हणजे काय होते?"

नर्स आहे ना, तुले सगळं नीट पाहिजे. शांत होते म्हणजे रडत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्याच रडतात, एकीचं ऐकून दुसरी. तवा जवळ घ्यायचं नाही. हे मले शकुनबाईनं शिकवलं, त्यायले त्यायच्या आंधीच्या बाईनं. एकीले मांडीवर घेतलं का तेवीस रांगेत उभ्या राहतात, अन् मांडी एकच. मंग काम द्यायचं. अभ्र्यांच्या घड्या कर, चमचे पूस. दुसऱ्या आठवड्यात फक्त जेवताना रडतात. तिसऱ्यात कोणी रडत नाही. काही इचारलं तं "फाइन, अंबुया" म्हणतात. चोवीसच्या चोवीस.

हे मी कधी कोणाले असं इस्कटून सांगतलं नव्हतं. आता वाचून पाहिलं तं कागदावर कसंतरीच दिसते. पण तसं नाही वं. पोरी खेळतात, गाणे म्हणतात. सांजच्या प्रार्थनेले मी मराठीत म्हणे, त्या इंग्रजीत, माहं लांबत जाय अन् त्या आमेनवर येऊन माही वाट पाहत. एकीमेकीले चिमटे घेत. मी एक डोळा उघडा ठेवे. देवाले चालत असन, त्याच्यासाठीच लेकरं सांभाळत होती ना मी.

अन् तू इचारलं, घरी पत्र लिहू देतात का. देतात, लिहाच लागते. आमच्याकडं दर रविवारी जेवण झालं का सगळ्या पोरी लांब टेबलावर बसत. तीन गोष्टी लिहायच्या. मी बरी आहे, जेवण चांगलं आहे, या आठवड्यात हे शिकली. रडू येते, मले न्या, असं कोणी लिहिलं का मी लाल पेन्सिलीनं रेघ मारे अन् कागद परत देई, का चांगलं लिहून आण. मले इंग्रजी येत नव्हतं, मोठी पोरगी वाचून दाखवे, मी म्हणो, हे काढ, हे राहू दे. मायबाप दोन दिवसांच्या वाटेवर. वाचून त्यायनं काय करावं, रडावंच ना? कोणी त्याले वाईट म्हणत नव्हतं. मायबाप खुश, पोरी शांत.

मी तुले बी रविवारीच लिहीत होती. बावीस वर्षं. तुह्याजवळ असतीन तं काढून पाय, एकाही पत्रात वाईट गोष्ट भेटणार नाही.

इथं ऊन लागलं. कुलर काढला, त्यात चिमणीनं घरटं केलं होतं, मंग परत ठेवून देला. शकुनबाई म्हणे, तुमी घामानं मरसान. म्हटलं, पिल्लं उडू द्या, मंग मरते.

तुही आई

अकोला, ता. १३ एप्रिल २०२५, रविवार

शालू,

आज झावळ्यांचा रविवार. चर्चमधून आमी सगळे झावळ्या घेऊन गाणे म्हणत निघालो, अन् चौकात उद्याच्या जयंतीचे निळे झेंडे लागून राहिले होते. तिथं एका झेंड्याच्या काठीत शकुनबाईची झावळी अडकली. शिडीवरचे मिशावाले दादा म्हणे, "मावशी, पांढरं लुगडं नेसून तुमी नेमक्या कोणत्या लायनीत?" मी म्हटलं, बापू, माह्याजवळ पांढरं एकच आहे, आज हिकडं, उद्या तिकडं. ते हसले अन् झावळी सोडवून देली.

तुहा मामा तिथं असता तं हसला नसता. संघपाल मले काय म्हणे माहीत आहे ना? "छप्पनच्या साली आपल्या बापानं बुद्ध धम्म घेतला, अन् तू दोन हजारात कुठं चालली, जयवंते?" लय बोलला मले. पण तुले त्यानं वाढवलं, नर्सिंगले टाकलं, लगन लावून देलं. त्या लग्नाले मी आली नाही. होस्टेलात गोवर होता, असं मी लिहिलं होतं. तीन पोरींले होता.

तं आता मोठी गोष्ट. तू लिहिलं, "मेच्या दुसऱ्या रविवारी ये. राजापेठला उतर, नितेश घ्यायला येईल. जेव, बोधीला भेट. ती जूनमध्ये जाईल."

मी हे चारदा वाचलं. मंग शकुनबाईले वाचून दाखवलं, मंग खालच्या नत्थुजीले, जो मिशनच्या वॉचमनकीवर आहे अन् कानानं बहिरा आहे. तो म्हणे, "कोण वारलं?" म्हटलं, कोणी नाही नत्थुजी, मले जेवाले बोलावलं! आता त्यानं अख्ख्या कंपाउंडात सांगतलं का जयवंताबाईकडं जेवण आहे, अन् दोघं तिघं इचारून बी गेले का कवा.

मले वाटलं होतं का असं काही आलं का मी रडीन. खुर्चीवर बसली, पदर घेतला, बसून राहिली. काही आलं नाही. मंग कुकरची शिटी झाली अन् उठली. पण खुश आहे वं मी, लय खुश आहे. माणसाले खुशी कधी कधी डोक्यात राहते, खाली उतरत नाही.

अन् तू खाली अजून लिहिलं. ते बी मी वाचलं, न वाचल्यासारखं नाही केलं. "बोधीच्या शाळेत विचारलं. मुलांची पत्रं वाचूनच पाठवतात म्हणाले, तू लिहिलंस तसंच. मी सातवीत असताना तुला लिहिलेलं एक पत्र लाल रेघा मारून परत आलं होतं. मामा म्हणाला, तिथल्या कोणा बाईनं उघडलं आणि परत पाठवलं, तुझ्या आईच्या हाती पोचलंच नाही. त्या बाईला मी रोज शिव्या द्यायची. आई, ती बाई कोण होती?"

इतक्या वर्षांचं काय आठवते आता. मोठी शाळा होती, बाया बम होत्या, डाक दहा हातातून जाय.

शकुनबाईले म्हटलं, काय लिहू? त्या म्हणे, "रविवार आहे. चांगलं लिहा."

तं बोधीले काय आवडते ते कळव. गोड खाते का तिखट? मी तिच्यासाठी तिथलं एक रंगीत कापड ठेवलं आहे, मोठाल्या पिवळ्या फुलांचं. फ्रॉक होईन. अन् नितेशरावाले सांग, घ्याले येऊ नका, मले राजापेठ सापडते, पूल झाला म्हणून काही जमीन पलटली नाही.

तुही आई

अकोला, ता. ७ मे २०२५, बुधवार

शालू,

आज रविवार नाही. हे पत्र शनिवारी नितेशराव नेतीन, म्हणजे रविवारी मी यायच्या आंधी तुह्या हाती पडन. आंधीच पडलं पाहिजे.

ती बाई मी होती.

तिथं मराठी वाचता येणाऱ्या दोघीच होतो, मी अन् शकुनबाई. काल शकुनबाईनं माह्याकडं पाहिलं अन् सोताहून म्हणे, "माहं नाव लिहून टाका. मले पोर ना बाळ, मले कोण इचारते? तुमाले नात तं भेटन." मी रातभर त्यायचं नाव लिहायचं का, हे मनात धरून बसली. तुले खोटं काहून सांगू, बसली होती. सकाळी त्यायले म्हटलं, नको बाई. त्या म्हणे, "मंग मूर्खच आहात," अन् माह्यासाठी चाय टाकली.

तुहं पत्र आलं तो रविवारच होता. पोरी टेबलाले बसल्या होत्या, माह्या पुढ्यात चोवीस कागद, अन् ऑफिसातून डाक आली त्यात तुहं पाकीट. वर पत्ता मामाच्या हातचा, आत तुहं अक्षर. त्या ढिगात तेवढंच एक पत्र होतं जे मले सोताले वाचता येत होतं. बाकी सगळे दुसऱ्याच्या तोंडून. तू लिहिलं होतं, आई, मामी चांगली आहे. काल शाळेत माझा स्कर्ट भरला. मामीला सांगायची लाज वाटते. तू ये. तू ये, तीनदा होतं.

मी तिन्हीवर रेघ मारली. स्कर्टवर बी मारली. खाली लिहिलं, असं लिहू नये, लांबच्या माणसाले त्रास होते, चांगलं लिहून पाठव. अन् दुसऱ्या पाकिटात घालून परत पाठवून देलं, जसं मी टेबलावरून त्या पोरींले कागद परत देत होती. मले तवा वाटलं बी नाही का मी काही केलं. हात तेच काम करून राहिला होता.

दोन महिन्यानं तुहं दुसरं पत्र आलं. मी बरी आहे. मामी चांगलं जेवण देते. या महिन्यात अपूर्णांक शिकलो. मी शकुनबाईले दाखवलं, म्हटलं, पाहा, माही पोरगी किती समजदार झाली.

संघपालनं माहं अक्षर ओळखलंच असन. वाकडं पाकडं, दुसऱ्या कोणाचं राहूच शकत नाही. त्यानं तुले खोटं सांगतलं ते मले वाचवाले नाही. बहीण त्याच्या मनातून कवाच उतरली होती. तुले एक माय शिल्लक राहावी म्हणून सांगतलं. अन् तू आता इचारलं, ती कोण होती, तवा तुले माहीत होतं का? तू बी आता मोठी आहे, परत आलेल्या कागदावर खाली मराठीत लिहिलेलं तुले बी दिसलं असन. माहीत असन तं बरं. नसन तं आता झालं.

थांडीवे नावाची एक पोरगी होती, सहा वर्षांची, एवढीशी. तिनं पत्रात काही लिहिलं नाही, फक्त शाळेचं गेट काढलं, अन् गेटच्या बाहेर एक माणूस. मी म्हटलं, हे कायचं चित्र, फुल काढ. तिनं फुल काढलं. तीन महिन्यानं सुट्टी लागली, तिचा बाप घ्याले आला. मी तिले वेणी घालून देली, तयार केलं. बाप गेटातून हात पसरून आला. तिनं हात पुढं केला अन् म्हणे, "गुड आफ्टरनून, सर." बापानं तिच्या हातात हात देला, माह्याकडं पाहिलं, अन् म्हणे, थँक यू, अंबुया, किती चांगलं वळण लावलं. मी बी खुश झाली. शालू, मी त्या दिवशी खरंच खुश होती, हे मले तुले सांगायचं आहे.

त्याच्या दुसऱ्या साली मले तीन महिन्यांची सुट्टी भेटली, मी वलगावले आली. तू पंधराची होती. मी फाटकातून आत आली तं तू धावली नाही. तू हात जोडले, जयभीम म्हटलं, अन् आतून पाण्याचा गिलास आणला, खाली बशी ठेवून, जसा पाहुण्याले देतात. मी पाणी पिलं. मामीले म्हटलं, किती शांत आहे वं पोरगी. तीन महिने तू मले एकदा बी उलटून बोलली नाही. मी परत गेली अन् तिथं सगळ्यायले सांगतलं का माही पोरगी लय गुणाची आहे. त्यानंतर चारदा मले सुट्टी भेटत होती. चारही वेळा मी म्हटलं, दुसऱ्या बाईले द्या.

मी काहून गेली होती ते बी लिहून टाकते, एकाच कागदात. देवाचं बोलावणं आलं, असं मी सगळ्यायले सांगत होती. आलं बी असन, मी देवाच्या नावानं खोटं बोलत नाही, अजून बी सकाळ संध्याकाळ त्याचंच नाव घेते. पण तुहे बाबा दवाखान्यात वारले अन् त्यानंतर मले काही वाटणंच बंद झालं. भाकर थापो, भांडे घासो, तुही वेणी घालो, अन् काहीच नाही. तू माह्या तोंडाकडं पाहत राहायची. शाळेतून आली का पाहायची, जेवताना पाहायची. तुले तिथं काही दिसत नव्हतं अन् तू पाहणं सोडत नव्हती. मंग शकुनबाईनं म्हटलं, चालता का, तिथं पोरींले सांभाळाले माणूस पाहिजे. मले वाटलं, तिथल्या पोरींले माहं आंधीचं तोंड माहीत नसन. मी शांत आहे तं त्यायले वाटन, ही बाई अशीच आहे. अन् तसंच झालं. मी त्या कामाले लय चांगली होती, काहून का मले सोताले काही वाटत नव्हतं, तं पोरीचं रडणं मले तोडत नव्हतं.

म्हणून सांगते. बोधीले पाठवू नको.

ती शाळा वाईट असन असं मी म्हणत नाही, मी पाहिली नाही. तिथल्या बाया माह्याहून बऱ्या असतीन. पण तू मले इचारलं, चांगलं राहते का, अन् मी पहिल्याच पत्रात म्हटलं, चांगलं राहते. ते काढून टाक. त्याच्यावर रेघ मार.

मंग घरी कोण राहीन, हे तू म्हणशीन. मी राहते, असं मी म्हणणार नाही. तो हक्क माहा नाही, अन् हे वाचल्यावर तुले मी घरात नको असन. ड्यूटी बदलून पाय. कोणी बाई पाय. काहीच नाही जमलं तं दवाखान्यात घेऊन जा, बाकड्यावर बसव, तुह्याकडं पाहत राहीन. पाहू दे.

रविवारचं तू सांगशीन तसं. ये म्हणशीन तं येईन, नको म्हणशीन तं समजीन.

हे लिहून झालं का हलकं वाटन, असं मले वाटलं होतं. नाही वाटलं. नळ आला, पाणी भराले चालली.

जयवंता

अकोला, ता. १२ जून २०२५, गुरुवार

शालू,

मेच्या त्या शनिवारी नितेशरावानं पत्र नेलं अन् रविवारी सकाळीच त्यायचा फोन आला, "आई, आज राहू द्या." म्हटलं, बरं. लुगडं नेसलेलं होतं, ते घडी करून ठेवलं. नत्थुजी म्हणे, "गाडी चुकली का?" म्हटलं, हो.

त्यानंतर महिनाभर ते आले, सोमवारी बी अन् शनिवारी बी. चाय प्याले. चिठ्ठी नव्हती, मी इचारलं नाही, त्यायनं सांगतलं नाही. एकदा फक्त कप ठेवता ठेवता म्हणे, "वाचलं तिनं. दोनदा." अन् पायात चपला घातल्या.

मंग काल सांजच्याले सात वाजता फोन वाजला. नंबर तुहा होता. मी तीनदा वाजू देला, मले बटन सापडेना.

"हॅलो, तुमी जयवंता आजी का?"

म्हटलं, हो बाई. तू कोण?

"संबोधी. आई म्हणे, सांग तिले का मी नाही जात."

"कुठं नाही जात?"

"बोर्डिंगात! अजून कुठं? आईनं ड्यूटी बदलून घेतली, दुपारची घरी राहते. अन् रातपाळी असली का वरच्या सुभद्राकाकू येतात झोपाले. त्या घोरतात. अन् फी बी परत नाही देत म्हणे ते लोक."

मी म्हटलं, बरं झालं वं बाई.

"काय बरं झालं?" शालू, ती इतकी जोरात ओरडली. "मले जायचं होतं! तिथं घोडे आहे! पाचवीवाल्यायले घोड्यावर बसवतात, मी सगळ्या वर्गाले सांगून ठेवलं होतं. आई म्हणे, आजीनं लिहिलं नको पाठवू. तुमी मले ओळखत बी नाही, मंग तुमी काहून नाही म्हटलं? तुमी घोडे पाहिले का तिथले?"

म्हटलं, नाही पाहिले.

"मंग?"

बावीस वर्षं मी पोरींले उत्तर देत होती, लगेच देत होती. आता मीच इचारलं, तू लय रागात आहे का?

"हो!"

म्हटलं, राह्य मंग रागात.

ती म्हणे, मी तुमच्याशी बोलणार नाही, अन् मंग बोलतच राहिली. घोड्याचा रंग, त्याचं नाव, तिच्या वर्गातल्या कोणा रागिणीनं तिले काय म्हटलं ते सगळं. मी फोन कानाले लावून उभी. बाहेर शकुनबाई येऊन ठाकल्या, तोंडानंच इचारलं, कोण? मी हातानं सांगतलं, थांबा.

मंग मागून तुहा आवाज आला. नीट ऐकू नाही आला. पोरगी म्हणे, "आई इचारते, जेवल्या का?"

मी म्हटलं, हो, जेवली.

"जेवली म्हणते," असं तिनं तुले ओरडून सांगतलं, अन् फोन कटला.

शालू, नव्हती जेवली. दुपारची पोळी तशीच झाकलेली होती, मन नव्हतं. तू इचारलं अन् माह्या तोंडातून ते रविवारचंच निघालं, अन् तेवढ्यात फोन कटला म्हणून हे लिहून राहिली. शनिवारची वाट पाहत नाही, आजच टपालात टाकते.

फोन ठेवल्यावर पोळी खाल्ली. कांदा नव्हता घरात. तशीच खाल्ली, दोन.

आई